नऊ एकांचा डोंगर

पनवेल तालुक्यातील विचुंबे गावाच्या पूर्वेस माथेरान आणि प्रबळगड यांचे डोंगर आहेत. पायथ्यापासून वर जाणारी चढण, मध्ये माथा आणि पलीकडे खाली जाणारी उतरण, हे डोंगराचे रूप कोकणातील प्रत्येक मुलाच्या परिचयाचे असते. संख्यांच्या सृष्टीतही असे डोंगर आहेत. त्यांपैकी एक असा :

१२३४५६७८९८७६५४३२१

ही संख्या डावीकडून वाचू लागावे, म्हणजे एक, दोन, तीन अशा पायऱ्या चढत आपण नवाच्या माथ्यावर येतो आणि आठ, सात, सहा असे उतरत पुन्हा एकापाशी पोहोचतो. उजवीकडून वाचू लागले तरी हाच प्रवास घडतो. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य शेवटच्या अक्षरापासून उलट वाचले तरी बदलत नाही. तसेच या संख्येचे आहे. कोणीतरी मुद्दाम एकेक अंक निवडून, आरशात पाहून ही संख्या रचली असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः ती कोणी रचलेली नाही. नऊ एक एका ओळीत लिहावेत आणि त्या संख्येला त्याच संख्येने गुणावे, एवढेच करावयाचे असते.

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

ज्या संख्येत एकावाचून दुसरा अंकच नाही, तिच्या वर्गात एकापासून नवापर्यंतचे सगळे अंक ओळीने हजर व्हावेत, हे कौतुकाचे खरेच. परंतु नुसते कौतुक करून थांबणे हे गणिताला मानवत नाही. असे का झाले, हे नेहमीच होते काय, आणि होत नसेल तर कोठे थांबते, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून गणिताचे समाधान होत नाही.

प्रथम या डोंगराची उंची पाहू. या संख्येत सतरा अंक आहेत. आज आपण व्यवहारात हजार, लाख, कोटी यांच्या पलीकडे क्वचितच जातो. आपल्या पूर्वजांनी मात्र पुढच्या स्थानांनाही नावे देऊन ठेवली होती. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’ या ग्रंथात एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध असा त्यांचा क्रम आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याची नोंद असलेला शिलालेख आपल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्या नावांनी मोजले असता आपल्या संख्येतील पहिला एक ‘मध्य’ या स्थानी येतो, माथ्यावरील नऊ ‘अर्बुद’ या स्थानी येतो आणि शेवटचा एक अर्थातच एकं स्थानी. म्हणजे परार्धाच्या खालची एकच पायरी गाठणारी ही संख्या आहे.

नावांनी मोठेपणाची कल्पना येत नसेल, तर काळाने येईल. समजा, एखाद्याने दर सेकंदाला एक याप्रमाणे मोजण्यास आरंभ केला आणि तो झोपेसाठी वा जेवणासाठी क्षणभरही थांबला नाही. तरीही ही संख्या गाठण्यास त्याला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. मानवजातीचे सारे आयुष्य एकत्र केले तरी त्या काळाचा अल्पसा अंशही भरणार नाही. इतक्या प्रचंड संख्येत कोणता अंक कोठे आहे, हे मात्र शाळेतील मूल पाटीवर काही मिनिटांत सांगू शकते. आकड्यांच्या लेखनपद्धतीचे हे सामर्थ्य लक्षात ठेवण्याजोगे आहे.

येथे यंत्राची गोष्टही सांगितली पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या साध्या गणनयंत्रावर आठ, दहा किंवा बारा अंक मावतात; सतरा मावत नाहीत. संगणकावर हिशेब मांडण्याचे जे तक्ते सर्रास वापरले जातात, त्यांपैकी अनेकांत संख्येचे पहिले पंधरा अंक तेवढे राखले जातात आणि पुढे शून्ये घातली जातात. अशा तक्त्याला हा गुणाकार सांगितला, तर तो १२३४५६७८९८७६५४३०० असे उत्तर देतो. उतरणीच्या शेवटच्या दोन पायऱ्या नाहीशा होतात. ज्याला डोंगराचे रूप का येते हे ठाऊक आहे, त्याला यंत्राची ही चूक पाहताक्षणी कळेल. ज्याला ते ठाऊक नाही, तो शून्यांवर विश्वास ठेवील.

आता कारणाकडे वळू. मोठा डोंगर चढण्यापूर्वी लहान टेकड्या चढून पाहाव्या.

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

जितके एक घ्यावेत तितका माथा उंच होतो. दोन एकांचा माथा दोन, तीन एकांचा तीन, चार एकांचा चार. आता १११ ला १११ ने गुणताना पाटीवर काय घडते ते पाहावे. एकं स्थानच्या एकाने गुणले की १११ मिळतात. दहं स्थानच्या एकाने गुणले की तेच १११, पण एक घर डावीकडे सरकून. शतं स्थानच्या एकाने गुणले की पुन्हा तेच, आणखी एक घर सरकून. रिकाम्या घरांत शून्ये लिहिली, म्हणजे मांडणी अशी दिसते :

००१११
०१११०
१११००
———
१२३२१

आता प्रत्येक उभ्या रकान्यात किती एक आले ते मोजावे. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच, दुसऱ्यात दोन, मधल्यात तीन, पुढच्यात पुन्हा दोन आणि शेवटच्यात एक. येथे बेरीज म्हणजे केवळ एकांची मोजदाद होय. मधल्या रकान्यात तिन्ही ओळी एकमेकींवर येतात. कडेला जावे तसतशी एकेक ओळ सुटत जाते. डोंगराच्या रूपामागे गूढ असे काहीच नाही. एकाच लांबीच्या ओळी एकेक घर सरकवून एकाखाली एक मांडल्या, की मध्यभागी गर्दी होते आणि दोन्ही कडांना ती सारख्याच प्रमाणात विरळ होते. म्हणूनच चढण आणि उतरण सारखी असते.

नऊ एकांच्या संख्येत हेच नऊ ओळींनी घडते. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी येतात, म्हणून माथ्यावर नऊ. पहिली ओळ नऊ घरे व्यापते आणि पुढच्या आठ ओळी प्रत्येकी एक नवे घर घेतात. म्हणून एकूण घरे सतरा. उत्तरातील एकही अंक न लिहिता त्यात सतरा अंक असणार आणि मध्यभागी नऊ असणार, हे आधीच सांगता येते. कारण कळले की भविष्य वर्तविता येते, ते असे.

ज्यांना पाटीपेक्षा अंगण प्रिय आहे, त्यांनी खडे घ्यावेत. अंगणात नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ असा खड्यांचा चौरस मांडावा. त्यात एकूण ८१ खडे लागतील. आता हा चौरस आडवा न मोजता तिरका, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे मोजत जावे. कोपऱ्यात एक खडा, पुढच्या तिरक्या ओळीत दोन, नंतर तीन, असे वाढत मधल्या तिरक्या ओळीत नऊ खडे भरतात. पुढे आठ, सात असे कमी होत समोरच्या कोपऱ्यात पुन्हा एकच खडा उरतो. अंगणातील हा चौरस म्हणजेच आपली संख्या. गुणाकारातील सरकलेल्या ओळी आणि चौरसातील तिरक्या ओळी या एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत.

या खड्यांतून आणखी एक गुण हाती लागतो. आपल्या संख्येतील सर्व अंकांची बेरीज किती? अंक म्हणजे तिरक्या ओळींतील खडे. तेव्हा त्यांची बेरीज म्हणजे सगळे खडे, अर्थात ८१. आणि नवल असे की, ही प्रचंड संख्या ८१ ने निःशेष भागली जाते. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला ‘हर्षद’ संख्या म्हणतात. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. लहान उदाहरण पाहावयाचे तर १२ घ्यावेत. अंकांची बेरीज तीन, आणि १२ ला तीनने भाग जातो.

आपली संख्या हर्षद का, याचेही कारण आहे. नऊ एकांच्या संख्येतील अंकांची बेरीज नऊ. म्हणून तिला नऊने भाग जातो. ज्या संख्येला नऊने भाग जातो, तिच्या वर्गाला नऊच्या वर्गाने, म्हणजे ८१ ने, भाग गेलाच पाहिजे.

नऊ एकांना नऊने भागून पाहण्यातही मौज आहे. भागाकार येतो १२३४५६७९. या ओळीत आठ दिसत नाही. आठ कोठे गेला? भागाकार करूनच पाहावे. पहिल्या ११ मध्ये नऊ एकदा जातात आणि दोन उरतात. त्या दोनाशेजारी पुढचा एक उतरविला की २१ होतात. त्यांत नऊ दोनदा जातात आणि तीन उरतात. मग ३१, ४१, ५१ असे चालते. प्रत्येक वेळी भागाकार एकाने वाढतो आणि बाकीही एकाने वाढते. ७१ मध्ये नऊ सात वेळा जातात आणि आठ उरतात. त्या आठाशेजारी एक आला की होतात ८१. आणि ८१ मध्ये नऊ आठ वेळा जाऊन बाकी उरत नाही, तर बरोबर नऊ वेळा जातात. म्हणून साताच्या पुढे एकदम नऊ येतो. आठ हरवलेला नाही. त्याची पाळीच आली नाही.

आता संख्येच्या अंतरंगात शिरू. नऊ एकांची संख्या म्हणजे १११ × १००१००१. त्यांतील १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. यांतील ३, ३७ आणि ३३३६६७ या तिन्ही मूळ संख्या आहेत. त्यांचे आणखी तुकडे होत नाहीत. तेव्हा नऊ एकांच्या संख्येत तीन दोनदा येतो आणि ३७ व ३३३६६७ एकेकदा येतात. तिचा वर्ग केला की हे सारे दुप्पट होतात. म्हणून आपली संख्या म्हणजे चार तीन, दोन ३७ आणि दोन ३३३६६७ यांचा गुणाकार होय.

हे अवयव कळले, की या संख्येला निःशेष भागणाऱ्या एकूण संख्या किती, हेही मोजता येते. विभाजक तयार करताना तीन एकदाही न घेणे, एकदा, दोनदा, तीनदा किंवा चारदा घेणे असे पाच मार्ग आहेत. ३७ च्या बाबतीत तीन आणि ३३३६६७ च्या बाबतीतही तीन. पाच गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे एकूण ४५ विभाजक. ही संख्या विषम आहे, आणि त्यालाही कारण आहे. विभाजक जोडीने येतात. एकाने भागले की दुसरा भागाकार म्हणून मिळतो. येथे अशा बावीस जोड्या लागतात. परंतु नऊ एकांच्या संख्येला जोडीदार म्हणून तीच संख्या मिळते, म्हणून ती एकटी उरते. प्रत्येक वर्गसंख्येत असा एक एकटा विभाजक असतो.

आतापर्यंत दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली. तिसरा प्रश्न उरला आहे : हा खेळ कोठवर चालतो? नऊ एकांचा माथा नऊ, तर दहा एकांचा माथा दहा असावयास हवा. पण दहा हा एका घरात मावणारा अंक नाही. पाटीवर मधल्या रकान्यात दहा एक जमतात. तेथे शून्य लिहून एक हातचा डावीकडे द्यावा लागतो. डावीकडच्या रकान्यात नऊ असतात. हातचा मिळाला की तेही दहा होतात. तेथेही शून्य लिहून हातचा पुढे जातो. पुढच्या रकान्यातील आठाचे नऊ होतात, आणि तेथे हातचा संपतो. उत्तर असे येते :

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

डोंगराचा माथा खचला. चढणीवरचा आठ गेला, शिखराच्या जागी दोन शून्यांची घळ पडली आणि चढण व उतरण एकमेकींचे प्रतिबिंब राहिल्या नाहीत. अंकांची बेरीजही शंभर न येता ८२ आली. कारण प्रत्येक हातच्याच्या वेळी एका रकान्यातून दहा जातात आणि पुढच्या रकान्यात एकच मिळतो, म्हणजे बेरजेतून नऊ कमी होतात. येथे हातचे दोन. म्हणून अठरा कमी. पहिल्या नऊ उदाहरणांवरून जो ‘हे नेहमीच असे होते’ म्हणून मोकळा झाला असता, तो दहाव्या पायरीवर घसरला असता. ज्याने रकाने मोजले होते, त्याला मात्र ही घळ दुरूनच दिसली असती. उदाहरणे अनेक मिळाली म्हणून नियम सिद्ध होत नाही; कारण मिळाले तर सिद्ध होतो. हे कारणच नियमाची सीमाही दाखविते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेतला पाहिजे. संख्येचे काही गुण तिच्या अंगचे असतात, तर काही तिच्या पोशाखाचे. आपली संख्या वर्गसंख्या आहे, तिला ८१ ने भाग जातो, तिचे विभाजक ४५ आहेत, हे गुण अंगचे होत. ती कोणत्याही लिपीत वा कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी हे गुण बदलणार नाहीत. परंतु डोंगराचे रूप हा पोशाखाचा गुण होय. आपण दहाच्या पटीने मोजतो, म्हणून एका घरात जास्तीत जास्त नऊ मावतात आणि माथा नवापर्यंत चढतो. माणसाला दहाऐवजी आठच बोटे असती आणि तो आठाच्या पटीने मोजू लागला असता, तर त्याचा सर्वांत उंच डोंगर सात एकांचा झाला असता आणि माथ्यावर सात दिसले असते. पोशाख बदलला तरी डोंगर होण्याचे कारण मात्र तेच राहिले असते.

अशा संख्यांचे कौतुक आणि अभ्यास यांत ज्यांनी आयुष्य वेचले, ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे महाराष्ट्रातील एक शाळामास्तर होते. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यास झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळाली येथे शिक्षकाचे काम केले. पदवीच्या पुढचे गणिताचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. दिवसा वर्गात मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळी संख्यांच्या संगतीत रमावे, असे त्यांचे जीवन होते.

एकदा डोंबिवलीच्या रेल्वेस्थानकावर त्यांना एका विशेष प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली. त्या स्थानकाच्या स्मरणार्थ त्यांनी अशा संख्यांना ‘डेमलो’ संख्या असे नाव दिले. हे डोंबिवली विचुंब्याहून सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरांवरच आहे. पनवेलहून रेल्वेने दिव्यास जावे आणि तेथून कल्याणकडे जाणारी गाडी धरावी, की डोंबिवली येते. डेमलो संख्येचे तीन भाग पडतात. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली, की मधल्या भागातला अंकच पुन्हा पुन्हा मिळतो. उदाहरणार्थ, २५५३ मध्ये डावीकडे दोन, उजवीकडे तीन आणि मध्ये पाच. दोन आणि तीन पाच. आपल्या डोंगराला हीच कसोटी लावून पाहावी. माथ्यावरील नऊ बाजूला ठेवला, की डावीकडे चढण आणि उजवीकडे उतरण उरते :

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

प्रत्येक घरात नऊ! चढणीवरचा एक आणि उतरणीवरचा आठ, दोन आणि सात, तीन आणि सहा, अशा जोड्या जुळतात. एका बाजूला जितके वाढते तितकेच दुसऱ्या बाजूला घटते, म्हणून बेरीज ढळत नाही. १२१ पासून आपल्या सतरा अंकी संख्येपर्यंतचे सारे डोंगर या डेमलो कुळातलेच आहेत. या संख्यांवर कापरेकर यांनी गुंजीकर यांच्यासह लिहिलेला लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांनीच दिलेले आहे. त्यांची ६१७४ ही संख्या तर जगप्रसिद्ध आहे. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी केली, की ७६४१ मधून १४६७ जाऊन पुन्हा ६१७४ च उरतात.

कापरेकरांच्या या कामाकडे आरंभी काही गणितज्ञांनी गंभीरपणे पाहिले नाही. अंकांच्या अशा गमतीजमती संख्येच्या अंगच्या नसून पोशाखाच्या आहेत, तेव्हा त्यांत वेळ कशाला दवडावा, असा आक्षेप अशा अभ्यासावर घेतला जातो. हा आक्षेप सर्वस्वी खोटा आहे असे म्हणता येणार नाही. पण तो अपुरा आहे. पोशाखाकडे कौतुकाने पाहणारे मूलच पुढे ‘असे का’ म्हणून विचारते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हातचे, विभाजक, मूळ संख्या आणि सिद्धता यांच्यापर्यंत येऊन पोहोचते. कापरेकरांनी आक्षेपांची पर्वा न करता लहान लहान पुस्तिका लिहून स्वतःच छापविल्या. पुढे १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्या संख्यांवर लिहिले, आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव देशोदेशीच्या गणितप्रेमींपर्यंत गेले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांचा अभ्यास मात्र आजही चालू आहे.

त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती, ग्रंथसंग्रहाचे वैभव नव्हते. कागद, पेन्सिल आणि न कंटाळणारे मन एवढीच त्यांची सामग्री होती. ती आजही कोणत्याही खेड्यातील मुलाला सहज मिळण्यासारखी आहे. नऊ एक ओळीने लिहावयास पैसा पडत नाही. त्यांचा डोंगर उभा राहिलेला पाहून आनंद होतो, तो पहिला आनंद. तो का उभा राहिला हे कळले की दुसरा आनंद होतो. आणि दहाव्या एकापाशी तो का खचणार हे आधीच सांगता आले, की जो तिसरा आनंद होतो, तोच गणिताचा खरा आनंद होय.

स्वाध्याय

१. नऊ एकांच्या संख्येच्या वर्गात सतरा अंक का येतात, ते रकान्यांच्या आधारे सांगा.

२. पाच एकांच्या संख्येचा वर्ग पाटीवर करा. त्यातील अंकांची बेरीज किती येते? ती तितकीच का येते?

३. १२३४५६७९ ला ३६ ने गुणा. उत्तर येण्यापूर्वीच ते कसे सांगता येईल?

४. अकरा एकांच्या संख्येचा वर्ग करा. हातचे कोणकोणत्या रकान्यांत येतात ते दाखवा.

५. ‘संख्येच्या अंगचे गुण’ आणि ‘संख्येच्या पोशाखाचे गुण’ यांतील भेद प्रत्येकी दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

६. ‘उदाहरणे अनेक मिळाली म्हणून नियम सिद्ध होत नाही’ या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.